रश्शासाठी पोर्सिलेनच्या वाट्या आणि कप: खानावळ व केटरिंग दोन्हींना एकच माल चालेल का?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापुरात आमची मांसाहारी खानावळ आहे आणि तिला जोडूनच लग्ने, जावळ, बारसे, गावच्या जत्रा अशा प्रसंगांची जेवणेही आम्ही बाहेर करून देतो. आजपर्यंत तांबडा आणि पांढरा रस्सा स्टीलच्या वाटीतूनच वाढण्याची आमची पद्धत होती. दिवाळीपूर्वी शेजारचा गाळा घेऊन सुमारे चाळीस जणांच्या बैठकीचा कौटुंबिक विभाग सुरू करण्याचे ठरले आहे. तेथे रस्सा, सूप, सोलकढी आणि चहा या सर्वांसाठी पोर्सिलेनची भांडी ठेवावीत, असा घरातल्या सर्वांचा आग्रह आहे.

बाजारात चौकशी केल्यावर माझा गोंधळ वाढला. एका दुकानदाराने दाखवलेली वाटी आणि दुसऱ्याने दाखवलेली वाटी दिसायला सारखीच पांढरी आणि चकचकीत होती, परंतु भावात जवळजवळ दुपटीचा फरक होता. एक म्हणतो बोन चायना घ्या, दुसरा म्हणतो स्टोनवेअर घ्या, तिसरा सांगतो की केटरिंगला मेलामाईनशिवाय (कडक प्लॅस्टिकच्या भांड्यांशिवाय) पर्याय नाही. माल खरोखर पोर्सिलेनचा आहे की नाही हे दुकानात उभे राहून कसे ओळखावे, रश्शाची वाटी किती मापाची असावी, आणि हॉटेलात वापरायचा मालच बाहेरच्या जेवणांना नेणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पांढरा रस्सा पांढऱ्या वाटीत उठून दिसत नाही, म्हणून काळ्या वाट्या घ्याव्यात, असाही एक सल्ला मिळाला आहे. त्यावरही आपले मत हवे आहे.

पंगत यांचे उत्तर

आपण विचारलेल्यांपैकी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. हॉटेलचा आणि केटरिंगचा माल एकच असावा, असे मला वाटत नाही. हॉटेलात वाटी स्वयंपाकघरातून टेबलावर आणि टेबलावरून मोरीत एवढाच प्रवास करते. बाहेरच्या जेवणात तीच वाटी गोदामातून क्रेटमध्ये, क्रेटमधून टेम्पोत, टेम्पोतून मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जाते आणि रात्री उशिरा, सगळे थकलेले असताना, घाईने परत भरली जाते. मोडतोड बहुतेक या शेवटच्या टप्प्यात होते, जेवताना फारशी होत नाही.

वजनाचा हिशेब आधी करून पाहावा. आपल्याकडे प्रत्येक पानाला दोन रस्से, म्हणजे दोन वाट्या लागतात. पाचशे माणसांच्या जेवणाला हजार वाट्या झाल्या. पोर्सिलेनची बऱ्यापैकी जाड वाटी २०० ग्रॅमची धरली, तर नुसत्या वाट्यांचेच वजन २०० किलो होते आणि क्रेट त्याहून वेगळे. त्यामुळे आम्ही अशी विभागणी केली आहे: गावजत्रेला आणि मांडवातल्या पंगतीला स्टील, आणि सभागृहात टेबल-खुर्चीवर जेवण असेल व यजमानांनी तशी मागणी केली असेल तरच पोर्सिलेन. त्याचे भाडे आणि मोडतोडीची अनामत आम्ही आधीच वेगळी लिहून घेतो. जत्रेच्या पंगतीत वाढपी धावत असतात, रस्सा बादलीतून ओगराळ्याने पडतो आणि पानाखाली सपाट जमीन असेलच असे नाही. तेथे चिनी मातीचे भांडे नेण्याचा हट्ट धरू नये.

मेलामाईनविषयी मात्र स्पष्टपणे सांगतो. थंड कोशिंबीर, पापड, सुक्या पदार्थांना ते ठीक आहे. उकळत्या रश्शाला ते घेऊ नका. सुमारे ७० अंशांच्या वर, त्यातही आंबट पदार्थ असेल तर, त्यातून फॉर्मॅल्डिहाइड आणि मेलामाइन अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते, आणि आपला रस्सा पातेल्यातून वाटीत पडतो तेव्हा बहुधा यापेक्षा गरमच असतो. शिवाय हळद आणि मिरचीचे तेल त्यात मुरते आणि थोड्याच काळात वाट्या पिवळ्या दिसू लागतात.

आता मापाबद्दल. परदेशी पद्धतीची पसरट, रुंद किनारीची सूप प्लेट आपल्या रश्शाला निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडे रस्सा चमच्याने कमी आणि वाटी ओठाला लावून जास्त प्यायला जातो. रुंद तोंडाच्या भांड्यात रस्सा लवकर निवतो आणि उचलून पिताना दोन्ही बाजूंनी ओघळतो. रश्शासाठी काठापर्यंत १८० ते २०० मिलिलिटर मावेल अशी, तोंडाला फार न फाकलेली, थोडी उभट वाटी मला सर्वांत सोयीची वाटते. तीत दीडशेच्या आसपास रस्सा वाढता येतो. आपल्याकडे रस्सा पुन्हा-पुन्हा मागितला जातोच, त्यामुळे मोठी वाटी एकदाच भरून देण्यापेक्षा छोटी वाटी गरम रश्शाने दोनदा भरणे पाहुण्यालाही आवडते आणि वायाही कमी जाते. सूप स्वतंत्रपणे विकणार असाल तर त्यासाठी २५० ते ३०० मिलिलिटरचे वेगळे बाउल घ्या, रश्शाच्या वाटीवर ते काम ढकलू नका.

बुफे असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाहुणा एका हातात ताट धरून उभा असतो, म्हणून दोन्ही वाट्या ताटातच बसल्या पाहिजेत आणि भाकरीला जागाही उरली पाहिजे. आपले ताट दुकानात सोबत घेऊन जावे आणि दोन वाट्या, भाकरी, सुक्क्याची जागा असे प्रत्यक्ष मांडून बघावे. कॅटलॉगमधला व्यास वाचून हे कळत नाही.

काळ्या वाट्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. काळ्या भांड्यात तांबड्या रश्शाचा तवंग आणि रंग दोन्ही हरवतात, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक पहिल्यांदा तवंगच बघते. पाणी वाळल्याचे डागही काळ्यावर ठळक दिसतात. पांढऱ्या रश्शाला पांढरी वाटी चालते, फक्त पांढऱ्याची छटा बघून घ्यावी. निळसर पांढऱ्या वाटीत नारळाच्या दुधाचा आणि खसखस-काजूचा रस्सा पिवळट दिसतो, तर दुधी छटेच्या वाटीत तोच रस्सा अगदी ताजा दिसतो.

भट्टी यांचे उत्तर

‘पंगत’ यांनी वापराची बाजू नेमकी मांडली आहे. माझे शिक्षण सिरॅमिक विषयातले असल्यामुळे मी माल ओळखण्याविषयी लिहितो, कारण प्रश्नातला दुप्पट भावाचा मुद्दा तेथे सुटतो.

चिनी मातीच्या भांड्याचा कस त्याच्या चकाकीवर ठरत नाही. चकाकी वरच्या ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या लेपाची असते आणि हलक्या मातीवरही उत्तम ग्लेझ चढवता येते. कस ठरतो तो आतली माती भट्टीत किती घट्ट झाली आहे यावर. केओलिन (पांढरी चिनी माती) आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे यांचे मिश्रण साधारण १२०० ते १४०० अंश सेल्सिअसला भाजले की फेल्डस्पार वितळून कणांमधली छिद्रे काचेसारख्या पदार्थाने भरतो. असे पूर्ण भाजलेले पोर्सिलेन स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. स्टोनवेअर त्याहून थोडे जास्त शोषते. कमी तापमानाला भाजलेले, वरून पांढरे दिसणारे मातीचे भांडे मात्र पाच टक्क्यांपासून पुष्कळ वरपर्यंत पाणी पिऊ शकते. हेच भांडे बाजारात सर्रास पोर्सिलेन म्हणून खपते.

सच्छिद्र वाटीचे दुखणे पहिल्या दिवशी दिसत नाही. वाटीच्या बुडाशी जी कड टेबलावर टेकते ती बहुधा ग्लेझविना असते. रोजच्या धुण्यात तेथून पाणी आत शिरते, माती किंचित फुगते आणि वरचे ग्लेझ तेवढे ताणले जात नसल्यामुळे त्यावर केसासारखे बारीक तडे पडतात. मग तांबड्या रश्शाचे तेल आणि हळद त्या तड्यांत उतरते, वाटी जाळीदार पिवळी दिसू लागते आणि कितीही घासले तरी ती स्वच्छ होत नाही. अशी भिजलेली वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर रस्सा कोमट आणि वाटी हात पोळेल इतकी गरम, असाही प्रकार घडतो.

दुकानात उभ्या-उभ्या करता येईल अशी परीक्षा सोपी आहे. वाटी उलटी करून बुडाच्या उघड्या कडेवर शाईचा किंवा साध्या पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब मुरला आणि डाग राहिला तर माती सच्छिद्र आहे. थेंब तसाच राहिला आणि पुसून निघाला तर पुढे बोलणी करावीत. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून लाकडी चमच्याने हलकेच वाजवावी. नीट भाजलेल्या वाटीचा आवाज खणखणीत येतो आणि आतून तडा गेलेल्या किंवा कच्च्या वाटीचा बद्द येतो. दुकानदाराकडे फुटलेला नग असेल तर तो आवर्जून मागून घ्यावा. पोर्सिलेनची तुटलेली कड काचेसारखी गुळगुळीत व चमकदार असते आणि ग्लेझ व माती यांची सीमा सहज दिसत नाही. हलक्या मालाची कड खडूसारखी कोरडी असते आणि तिच्यावर ग्लेझचा थर वेगळा ओळखू येतो.

मोठी मागणी असेल तर मी आणखी एक खात्री करून घेण्याचा आग्रह धरीन. तो फुटका तुकडा पूर्ण वाळवून सूक्ष्म काट्यावर तोलावा. गुजरीत सराफांकडे असतो तसा काटा या कामाला उत्तम. त्यानंतर तुकडा काही तास पाण्यात उकळून रात्रभर त्याच पाण्यात राहू द्यावा आणि सकाळी फडक्याने वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावा. १०० ग्रॅमच्या तुकड्याचे वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त वाढले, तर तो माल पोर्सिलेनच्या भावाने घेऊ नये.

बोन चायनाबद्दल आपल्या भागापुरती एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्यात साधारण ३० ते ५० टक्के जनावरांच्या हाडांची राख असते. ते पातळ, दुधी आणि दिसायला अतिशय सुंदर असते, आणि पातळ असूनही चांगले बळकट असते. परंतु आपण शाकाहारी कार्येही स्वीकारत असाल, तर जैन आणि लिंगायत यजमानांना त्याची आधी कल्पना देणे आवश्यक आहे. कोल्हापुरात असे यजमान पुष्कळ आहेत आणि हा त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. मी तर म्हणेन की केटरिंगच्या मालात बोन चायना ठेवूच नये. हॉटेलांसाठी अॅल्युमिना मिसळलेले अधिक बळकट पोर्सिलेन मिळते. ते उजेडासमोर धरल्यावर बोन चायनाइतके पारदर्शक दिसत नाही, पण टवके उडण्याला चांगले तोंड देते.

टवका बहुतेक वेळा काठाचा उडतो, म्हणून काठाकडे बारकाईने पाहावे. धारदार, पातळ काठ नाजूक दिसतो आणि लवकर जातो. किंचित जाड, बाहेरून गोलसर वळवलेला काठ कितीतरी जास्त टिकतो आणि ओठालाही सुखद लागतो. टवका उडालेली वाटी त्याच दिवशी बाजूला काढावी, कारण तिने ओठ कापण्याची भीती असते आणि उघड्या पडलेल्या मातीत तेल-मसाला साचतो. त्यानंतर बूड. एकावर एक ठेवलेल्या वाट्यांत वरच्या वाटीची खरखरीत कड खालच्या वाटीच्या आतल्या ग्लेझवर घासते आणि चरे पडतात. बुडाच्या कडेवरून बोट फिरवावे. ती खरवडत असेल तर कारखान्याने ती घासून गुळगुळीत केलेली नाही. आठ-दहा वाट्यांची चळत लावून ती सरळ उभी राहते की कलते, हेही तेथेच बघून घ्यावे. कलणारी चळत म्हणजे भट्टीत वाकलेला माल.

नक्षीविषयी थोडे कठोर लिहितो. वाटीच्या आत किंवा ओठ लागतो त्या काठावर ग्लेझच्या वरून छापलेली रंगीत नक्षी असलेला माल घेऊ नये. बोट फिरवल्यावर नक्षी उंच लागली तर ती ग्लेझच्या वर आहे असे समजावे. अशा रंगांत, विशेषतः भडक लाल, नारिंगी आणि पिवळ्यांत, शिसे व कॅडमियम असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते. सोलकढीतले कोकम आंबट असते आणि सूपमधला टोमॅटोही. हे उतरणे मोजण्याची रीत ठरलेली आहे: भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्लाचे द्रावण २२ अंशांच्या आसपास २४ तास ठेवतात आणि मग त्यातले शिसे व कॅडमियम मोजतात. आयएस ९८०६ हे भारतीय मानक याच विषयावर आहे. मोठ्या मागणीच्या वेळी विक्रेत्याकडे त्या चाचणीचा अहवाल मागणे हा आपला हक्क आहे. सोनेरी किनार मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकते आणि रोजच्या धुण्यात झिजते, त्यामुळे हॉटेलच्या मालात ती नसावी.

राजारामपुरी_चहा यांचे उत्तर

रश्शाबद्दल वर सविस्तर आलेच आहे. मी फक्त कपांबद्दल लिहिते. कपाचा कान सर्वांत आधी तुटतो, म्हणून तो जेथे कपाला चिकटवला आहे ते दोन्ही सांधे नखाने चाचपून पाहावेत. तेथे फट किंवा बारीक रेष दिसली तर तो कप नाकारावा. कानात दोन बोटे सहज जावीत आणि भरलेला कप उचलताना बोटाची पेरे गरम भिंतीला टेकू नयेत. नुसता रिकामा कप हातात धरून हे समजत नाही, म्हणून दुकानात गरम पाणी मागून तो भरून उचलावा. जेवणानंतरच्या चहाला १२० ते १५० मिलिलिटरचा कप पुरतो. सोलकढीला मात्र कान नसलेले छोटे पेले ठेवा, ते चळतीत बसतात आणि मोरीत कमी फुटतात. स्टीलच्या सिंकमध्ये तळाशी रबराची चटई घालण्याचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि मोडतोड लगेच घटते.

रंकाळाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. शाईच्या थेंबाची परीक्षा आजच केली. स्वस्त वाटीच्या बुडावर निळा डाग राहिला तो पुसूनही गेला नाही, आणि महाग वाटीवरचा थेंब स्वच्छ निघाला. केटरिंगसाठी स्टील कायम ठेवण्याचे आणि सभागृहातल्या जेवणांपुरता पोर्सिलेनचा वेगळा साठा करण्याचे घरात सर्वांनी मान्य केले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. चाळीस जणांच्या बैठकीला नग किती घ्यावेत? आणि स्टीलच्या वाटीची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला पोर्सिलेनमध्ये रस्सा निवलेला तर वाटणार नाही ना?

पेटी-पेंढा यांचे उत्तर

क्रोकरीच्या व्यापारात असल्यामुळे या दोन्ही शंकांना उत्तर देतो, आणि मागणी देतानाच्या काही गोष्टीही सांगतो.

निवण्याविषयी प्रथम. स्टेनलेस स्टील पोर्सिलेनच्या सुमारे दहापट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच स्टीलची वाटी हाताला आणि ओठाला लगेच पोळते आणि गिऱ्हाईक रस्सा निवण्याची वाट बघत बसते. पोर्सिलेनची वाटी उचलून पिता येते, हा तिचा मोठा गुण आहे. अडचण एवढीच की जाड, थंड वाटी सुरुवातीलाच रश्शातली बरीच उष्णता स्वतःकडे ओढून घेते. थंडीच्या दिवसांत हे चांगलेच जाणवते. उपाय म्हणून वाट्या वाढण्यापूर्वी गरम पाण्यातून काढून, पुसून, कोमट असतानाच वापराव्यात. पांढऱ्या रश्शाला तर हे फारच उपयोगी पडते, कारण तो पुन्हा जोरात उकळला की फाटतो, आणि त्यामुळे एकदा निवल्यावर तो ऐनवेळी गरम करण्याची सोय फारशी नसते.

नगांचा हिशेब असा करावा. एका बैठकीला रश्शाच्या दोन वाट्या, म्हणजे चाळिसांना ऐंशी. एक फेरी टेबलावर असताना दुसरी मोरीत किंवा वाळत असते, म्हणून दुप्पट, म्हणजे एकशे साठ. त्यावर मोडतोडीसाठी एखादी पेटी जास्त ठेवावी. रविवारी दुपारी रांग लागत असेल तर अडीचपट घ्यावे. पावसाळ्यात भांडी वाळायला वेळ लागतो आणि ओल्या वाट्या चळतीत ठेवल्या की बुडाला कुबट वास धरतो, त्यामुळे येथे काटकसर करू नये. सूप बाउल आणि कप मात्र बैठकीच्या दीडपट पुरतात, कारण ते प्रत्येक पानाला जात नाहीत.

मागणी देताना पहिला प्रश्न हा विचारावा की हाच आकार आणि हीच छटा पुढची काही वर्षे मिळत राहील का. वर्षभराने पन्नास वाट्या भरून काढायच्या असतील आणि तो साचा बंद झालेला असेल, तर टेबलावर दोन प्रकारच्या वाट्या दिसू लागतात. नेहमी चालणारा साधा पांढरा आकार घेण्याचे हेच मुख्य कारण. ‘हा खुर्ज्याचा माल आहे’ एवढ्या सांगण्यावरून काही ठरत नाही, कारण उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातील त्या गावात अनेक प्रकारचा माल तयार होतो. माती कोणती हेच विचारावे. बिलावरचा एचएसएन क्रमांकही, म्हणजे करासाठी मालाचा वर्ग दाखवणारा क्रमांक, वाचावा. पोर्सिलेन किंवा चायनाच्या टेबलवेअरला ६९११ हा क्रमांक आहे आणि इतर सिरॅमिक टेबलवेअरला ६९१२. तोंडाने पोर्सिलेन म्हणून बिलावर ६९१२ लिहिलेले आढळले, तर विक्रेत्याकडून खुलासा घ्यावा.

पहिल्या प्रतीचा आणि सेकंडचा माल एकाच पेटीत मिसळलेला येऊ शकतो. काळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढी ग्लेझमधली छिद्रे आणि वाकलेले काठ ही सेकंडची लक्षणे आहेत. बाहेरच्या बाजूचा एखादा ठिपका मी चालवून घेईन. आतल्या बाजूचे छिद्र घेणार नाही, कारण त्यात मसाला अडकून डाग बसतो. पेट्या ट्रान्सपोर्टने आल्या की उतरवून घेणाऱ्या माणसासमोरच काही पेट्या उघडाव्यात, फुटलेले नग पावतीवर लिहून घ्यावेत आणि छायाचित्रे काढावीत. सही करून गाडी निघून गेल्यावर भरपाई मिळणे अवघड होते.

वापर सुरू झाल्यावर वाटीच्या आत राखाडी रेषा दिसू लागतील. त्या बहुतेक चऱ्यांच्या नसतात. स्टीलच्या चमच्याचा धातू ग्लेझवर घासून उरतो, तो दिसतो. ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या भांड्यांच्या पावडरीने त्या निघतात. ती पावडर विषारी असल्यामुळे हातमोजे घालून वापरावी, डोळ्यांना लागू देऊ नये आणि नंतर वाटी भरपूर पाण्याने धुवावी. तारेच्या घासणीने घासले तर रेषा तर वाढतातच, शिवाय ग्लेझही मंद पडते.

मापही स्वतःच तपासावे. कॅटलॉगमधला आकडा बहुधा काठोकाठ भरलेल्या वाटीचा असतो. वाटी काट्यावर ठेवून शून्य करावे आणि आपण प्रत्यक्ष जेथपर्यंत रस्सा वाढणार तेथपर्यंत पाणी भरावे. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. सगळे पसंत पडल्यावर नमुन्याची एक वाटी दोघांच्या सहीची पट्टी लावून आपल्याकडे ठेवून घ्यावी, आलेल्या मालाचे वजन, छटा, काठ आणि बूड तिच्याशी ताडून पाहावे, आणि पुढची भरपाईची मागणीही त्याच वाटीवरून द्यावी.